बंद दारांपुढचे दिवे

१ जुलै, मंगळवार

हे स्वयंपाकघर की लग्नाचा हॉल! मधलं मेज एवढं मोठं, की आमचं डिचोलीचं अख्खं बिऱ्हाड त्यावर मांडावं आणि वर जागा उरावी. नळाखाली हात धरला की पाणी आपोआप येतं. मी चार वेळा हात काढून परत धरला. गौरेश म्हणाला, "पुरे गो! नळ कंटाळलो."

मालकीणबाई दिल्लीच्या. पावसाळ्यात घर बंद राहिलं की भिंतींना बुरशी धरते, म्हणून आम्ही इथं राहायचं. खिडक्या-जनेलं उघडायची, पंखे फिरवायचे, गाद्यांना वारा द्यायचा. पगार आहे, राहणं फुकट. खाणी बंद पडून ट्रक गेल्यापासून गौरेशला असं धड काम मिळालंच नव्हतं. डिचोलीची भाड्याची खोली सोडून आलोय. आता हेच.

बाई फोनवर म्हणाल्या, "सुविधा, अपना घर समझो." मला हसूच आलं. आमच्या घराच्या न्हाणीला दार नव्हतं, पडदा होता.

ही वही प्राजक्ताची. फोंड्याला नर्सिंगला आहे लेक. "आई, मी इथं आले, आता तुझी बडबड ऐकायला एकटे बाबाच. त्यांची दया कर, लिहीत जा." कार्टी!

३ जुलै, गुरुवार

लाइट गेली. सगळ्या मांद्र्यात काळोख. आणि इथं? डोळा मिटून उघडला तोवर परत आली! मी मेणबत्ती हातात धरून खुळ्यासारखी उभी.

६ जुलै, रविवार

आज सगळी कॉलनी बघून आले. मालकीणबाईंनी आमची नावं राहणाऱ्यांच्यात घातलीत, त्यामुळे सगळं वापरायला मोकळीक. गेटावरचा भिकाजी, चोपड्याचा, मला फिरवून दाखवत होता. जसं काही त्यानंच बांधलंय!

पोहण्याचा तलाव. देवा, काय तो निळा रंग! तळाची एकेक फरशी मोजता येते. चोपड्याच्या नदीत भिकाजीला स्वतःचे गुडघे दिसत नाहीत, त्यानंच सांगितलं. पाण्याच्या आतसुद्धा दिवे आहेत. मी पाय सोडून बसले. उठवेना.

मग व्यायामाची खोली. पट्टा पळतो आणि माणूस जागच्या जागी. मी चढले, तो पळायला लागला, मी "आवयस् गो!" करून उतरले. मग सिनेमाची खोली, मग पुस्तकांची. आणि एक खोली — ऐकलंस का — निव्वळ घाम काढायची! दार लावून आत बसायचं आणि घाम काढायचा. म्हटलं, भिकाजी, मे महिन्यात आमच्या पत्र्याखाली ये, फुकट काढून देते.

पण सगळीकडे आम्हीच दोघं. पाणी निळं, माणूस नाही. पट्टा तयार, माणूस नाही.

"राहतात कुठे हे सगळे?"

"दिल्ली, बंगळूर. वयनी, नाताळाक येतले. मागीर बघ, गाड्यो लावपाक जागो ना."

११ जुलै, शुक्रवार

तलावात उतरले!! गौरेशच्या जुन्या टी-शर्टात आणि प्राजक्ताच्या लेगिंगमध्ये. कमरेपर्यंतच. पण उतरले. हसू आवरेना. एकटीच हसत होते.

१७ जुलै, गुरुवार

पाऊस. बुरशी नाही. जेवणात बांगडा. घरभर वास सुटला, गौरेश धावत जनेलं उघडायला. हसून हसून पोट दुखलं.

२४ जुलै, गुरुवार

आज दिव्यांची अवस. समई, निरांजन, पोत्यातल्या गेल्या दिवाळीच्या पणत्या, सगळं घासून-धुवून मेजावर मांडलं. त्या मेजावर पहिल्यांदा काहीतरी शोभलं.

तिन्हीसांजेला आमच्या दारात दिवा लावला आणि बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, बसले. रस्त्यावरचे खांब आपोआप पेटले, झाडांखालचे दिवे पेटले, तलावातलेसुद्धा. पण घरांची दारं? रांगेनं काळी. इतकी देखणी घरं आणि एकाच्याही उंबऱ्यात उजेड नाही.

आमच्या दोडामार्गकडच्या गावात मी लहान असताना अर्धी घरं अशीच बंद. माणसं मुंबईला. जाताना शेजाऱ्याला सांगून जायची, "दिवाबत्ती बघा." त्यांच्यामागे आई तेलाची बाटली माझ्या हातात द्यायची, आणि मी दारोदार दिवा लावत फिरायचे. कंटाळा केला की आई ओरडायची, "दार बंद असला म्हणून घर मेला काय?"

बसवेना. पणत्या ताटात घेतल्या, तेल घेतलं, छत्री घेतली, निघाले. प्रत्येक दाराच्या पायरीवर, वर छप्पर आहे तिथं, एकेक दिवा. खाली चिमूटभर तांदूळ, दिवा उघड्या जमिनीवर टेकवू नये म्हणून. बाजूला एक दासवणीचं, लाल जास्वंदीचं, फूल. इथल्या कुंपणाला रग्गड आहे.

परत येऊन वळून पाहिलं. काय सांगू! सगळी रांग जागी झाल्यासारखी. मला रडूच आलं, उगीच. गौरेश बाहेर आला, माझ्या बाजूला बसला.

२५ जुलै, शुक्रवार

सकाळी पणत्या गोळा केल्या. तेल संपून काजळी धरलेली. फक्त सात नंबरची — धुतलेली! पायरीच्या कडेला पालथी घातलेली. भिकाजीचं काम असणार. भला माणूस.

संध्याकाळी परत लावले. एक दिवस लावून थांबायचं कसं?

३० जुलै, बुधवार

गौरेश चिडला. "आपण हयले मालक नाय, सुविधा. लक्षात ठेव. कोणी सांगितल्यान तुका?"

कोणी नाही सांगितलं. म्हणून काय करायचं नाही?

त्यालाही ठाऊक आहे मी ऐकायची नाही. तेलाची पिशवी त्यानंच आणली मांद्र्याहून.

४ ऑगस्ट, सोमवार

सात नंबरची पणती रोज धुतलेली. आणि तिथलं फूल तेवढं नसतं. भिकाजीला म्हटलं, धुतोस तर सगळ्याच धू, एकाच घराची खातिरदारी कशाला? तो स्वतःकडे बोट करून "हांव?" म्हणाला आणि खाली मान घालून रजिस्टर उघडून बसला. सातात कोण असतं विचारलं, तर म्हणाला, "बंदच म्हण."

फूल खार नेत असेल.

९ ऑगस्ट, शनिवार

झालं! व्हायचं ते झालं!

प्रत्येक दारावर कॅमेरा आहे म्हणे. मी दिवे लावतेय आणि तिकडे दिल्ली-बंगळुरात त्यांच्या फोनवर मी दिसतेय. आज कुणीतरी ती चित्रफीत मालकांच्या ग्रुपवर टाकली. मालकीणबाईंनी गौरेशला पाठवली.

मी बघितली. वरून घेतलेली. माझा भांग दिसतो, पाठ दिसते, छत्री. मी अशी चालते? एका अंगाला झुकून? पहिल्यांदा मला तेवढंच दिसलं, खोटं कशाला सांगू. कॅमेऱ्याचंही कौतुक वाटलं, काळोखात तांदळाचा दाणा न् दाणा टिपलाय!

मग खालचं गौरेशनं वाचून दाखवलं. "काला जादू." "हमारे दरवाज़े पर चावल और लाल फूल कौन रख रही है?" एकानं लिहिलंय, त्याच्या बायकोला तेव्हापासून ताप आहे. बायको बंगळुरात!

मी हसायला लागले. गौरेश हसला नाही. त्याचा चेहरा बघितला आणि माझंही हसू गेलं.

१० ऑगस्ट, रविवार

सेजल मॅडम आली. कॉलनीची मॅनेजर, पोरसवदा आहे, म्हापशाची. चहा घेतला नाही.

"काकी, माझी आजी पण लावायची. मला कळतं हो. पण त्यांना मी काय सांगू? दारं सागवानी आहेत, आगीचं कारण काढतायत. आणि आता म्हणतायत, सांभाळणारे लोक घरात राहतातच कसे? तलाव वापरतात, सगळं वापरतात!"

मी सांगितलं तिला. बंद घराची दिवाबत्ती करतात म्हणून. करणी करणारी असते तर लपून केली असती, ताट घेऊन छत्री उघडून राजरोस फिरले असते काय? ती हो-हो म्हणाली. मग म्हणाली, आजपासून एकसुद्धा नको. शनिवारी मालकांची फोनवर मीटिंग आहे. तुम्ही राहायचं की नाही, तिथं ठरेल.

तलावाचं कार्ड मागून घेतलं तिनं. मी दिलं. एवढं वाईट मला डिचोलीची खोली सोडताना नव्हतं वाटलं.

११ ऑगस्ट, सोमवार

दिवे लावले नाहीत.

बाल्कांवात बसायलाही गेले नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

मालकीणबाईंना फोन लावला. मीच. गौरेश नको नको म्हणत होता. म्हटलं, "बाई, तुमच्या घराला बुरशी नाही, वाळवी नाही, गाद्या कोरड्या. आमचं चुकलं काय ते सांगा." त्या म्हणाल्या, "सुविधा, मैं समझती हूँ, पर सबके साथ रहना पड़ता है."

सबके साथ! इथं आहे कोण?

गौरेशला राग आला असेल माझा, तो दाखवत नाही. सकाळी तलावाशी उभा होता, पाण्याकडे बघत. म्हणाला, "एकदा मिया पण उतराक होया होतंय." मला तेवढं एक वाक्य पुरलं. खूप रडले.

१६ ऑगस्ट, शनिवार

मीटिंग झाली. सेजल मॅडमनं फोन केला, आवाज पडलेला. सांभाळणाऱ्यांनी घरात राहायचं नाही. महिनाअखेर जागा सोडायची. सगळे हो म्हणाले, आमच्या बाईसुद्धा. सात नंबरनं तेवढं काही मत दिलं नाही, फोनच उचलला नाही.

म्हणजे गणपतीची चवथ झाली की कुठे जायचं ते बघा. प्राजक्ताला अजून सांगितलं नाही. मेजावर वही ठेवून लिहितेय. अजूनही हात धरला की नळाचं पाणी येतं, आणि अजूनही मला नवलच वाटतं. त्याला काय करू?

पणत्या परत पोत्यात भरल्या.

१७ ऑगस्ट, रविवार

तिन्हीसांजेला कचरा टाकायला बाहेर पडले. सात नंबरच्या पायरीवर दिवा!

मी लावलेला नव्हे. स्टीलच्या वाटीत, कापसाची जाडजूड वात, धूर काढत जळतेय. खाली तांदूळ — लांब लांब, बासमती. बाजूला फुलांचा ढीग, सगळी माझी दासवण, पहिल्या दिवसाची सुकून काळी पडलेली, जपून ठेवलेली.

दार उघडं. दारात एक म्हातारी, पिकलेले केस मोकळे, भिंतीला धरून उभी. भिकाजी मागून धावत आला, हळूच म्हणाला, "जून म्हयन्यापासून आसा ती, वयनी. एकटी. कोणाक सांगूं नाका म्हणून हात जोडलेले तिणें."

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "इतने दिन दीया नहीं आया. मुझे लगा, आपके घर में कुछ हो गया."