ऑर्डर फक्त वेबसाइटवर

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.
पहाटे ५ (उठायची ठरलेली वेळ). सकाळी ७.४० (प्रत्यक्ष).

आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाने काही लिहिलं नाही तर तो नुसता बसलेला दिसतो.

प्रेमलाने नारायण पेठेतल्या दुकानाला रामराम ठोकला. इतकी वर्षं तिच्या चकल्या त्या दुकानाच्या पिशवीत, दुकानाच्या नावाने विकल्या गेल्या. लोक काउंटरवर तारीफ करायचे, मालक दिग्विजयशेठ मान डोलवायचे, आणि ही आत कढईपाशी. यंदाची दिवाळी स्वतःच्या नावाने करायची असं तिने ठरवलंय. लेबलं छापून आली: 'प्रेमलाताईंची चकली'. दुपारी एक लेबल हातात धरून बघत बसली होती. मी बघतोय म्हटल्यावर ठेवून दिलं. यंदा जमलं नाही तर पुन्हा त्याच कढईपाशी जावं लागेल, एवढं एकदाच म्हणाली आणि भाजणीचं धान्य निवडायला बसली.

माझं योगदान: वेबसाइट. मोबाइलवर फुकट कोर्स चालू आहे. पाच धडे झाले, पैकी तीन पाहिले. प्रेमला म्हणते, दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांनी आत डोकावून माझा नंबर घेतलाय, ते करतील की फोन. धंदा वाढवायचा म्हणजे स्केल लागतं, हा प्रकार तिला माहीत नाही.

संकल्प: दसऱ्याला साइट सुरू. रोज पाचला उठणे. शेफालीला (कन्या, बंगळूर, आयटी) काहीही विचारायचं नाही. आपण शिकवलेल्या पोरीकडे शिकायला जायचं म्हणजे उलटी गंगा.

२८ सप्टेंबर, रविवार.

फॉर्म तयार. नाव, आडनाव (वेगळं), मोबाइल, ईमेल, पत्ता, पिनकोड, किलो. सगळं सक्तीचं.

त्यावर जावास्क्रिप्टचं व्हॅलिडेशन. म्हणजे गिऱ्हाइकाने 'पाठवा' दाबलं की कोड एकेक रकाना तपासतो आणि चूक असेल तर ऑर्डर पुढे सोडत नाही. हा भाग कुणी शिकवावा लागला नाही, अंगातच आहे. मार्केट यार्डात ट्रान्सपोर्टच्या गेटवर पावत्या तपासायचं काम माझंच होतं. अपुऱ्या पावतीची गाडी माझ्या गेटातून कधी आत गेली नाही. कांदा सडला तरी चालेल, सही पाहिजे. ड्रायव्हर लोक मला काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही.

प्रेमलाला फॉर्म दाखवला. चकली मागायला एवढं सगळं सांगावं लागतं का, असं विचारलं. म्हटलं, शिस्त लागते. म्हणाली, निदान ते आडनाव तरी काढा. मोठ्या मनाने काढलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

लॅपटॉपची पूजा. झेंडूची पाकळी की-बोर्डात गेली, एक बटण जड चालतंय. बाकी उद्घाटन उत्तम.

प्रेमला भाजणी भाजत होती तेवढ्यात तिच्या मोबाइलवरून सगळ्या गिऱ्हाइकांना मेसेज टाकला. 'यंदा ऑर्डर फक्त वेबसाइटवर. फोनवर ऑर्डर घेतली जाणार नाही. कृपया सहकार्य करावे.' मग तिला सांगितलं. उलथणं हातात घेऊन तशीच बाहेर आली. मग म्हणाली, अहो, आधी चालतंय का ते तरी बघायचं. समजावलं की दोन गेटं ठेवली की गाड्या हमखास चुकीच्या गेटाने येतात, हा अनुभव आहे. तेवढ्यात भाजणी जरा लागली. त्याचा आणि वेबसाइटचा संबंध नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार.

ऑर्डर नाही. साहजिक आहे. माणूस आधी बघतो, घरी विचारतो, मग घेतो. साइट बऱ्याच वेळा उघडली गेली असं दिसतंय. त्यात मी किती वेळा, ते वेगळं काढता येत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.

सत्यशीलाबाईंचा फोन. नारायण पेठ, निवृत्त मुख्याध्यापिका, प्रेमलाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. म्हणाल्या, सगळं भरून 'पाठवा' दाबलं की पान एकदा लुकलुकतं आणि पाटी पुसल्यासारखं कोरं होतं. तीनदा भरलं. सांगितलं, आपल्याकडे नेट कमी पडत असेल. म्हणाल्या, याच नेटवर माझा नातू कॅलिफोर्नियाहून तासभर बोलतो, त्याला कधी कमी पडलं नाही. म्हटलं, बघतो. म्हणाल्या, बघा हो निवांत, तोवर एक किलो लिहून घ्या. म्हटलं, नियमाने फोनवर घेता येत नाही. बाई 'आनंद आहे' म्हणाल्या आणि फोन ठेवला. शिक्षकी पेशातली माणसं शिस्तीची कदर करतात.

संध्याकाळी कारण सापडलं. 'पाठवा' दाबल्यावर ब्राउझर माझ्या कोडची वाट न बघता स्वतःच फॉर्म पाठवून पान नव्याने उघडतो. त्याला आधी थांबवावं लागतं, एका ओळीचं काम. ही ओळ चौथ्या धड्यात होती. धड्याचं नाव 'अगदी प्राथमिक' असल्यामुळे मी तो सोडला होता. चूक धड्याला नाव देणाऱ्याची.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

ओळ घातली. आता पान लुकलुकत नाही. दुसरंही काही होत नाही. पण लुकलुकणं थांबलं, ही प्रगती.

दुपारी प्रेमलाने विचारलं, भाजणी किती दळून आणू, अंदाज सांगा. म्हटलं, भरपूर. विचारलं, कशावरून. म्हटलं, ट्रेंडवरून. तिने दळून आणली. वरच्या मजल्यावरच्या भाग्यश्रीला मदतीला ठरवलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

दोन दिवस लाल अक्षरांशी झुंज. लॅपटॉपमध्ये एक चोरकप्पा असतो, तिथे कोडच्या चुका लाल रंगात दिसतात. अखेर छडा लागला. फॉर्ममधून आडनाव काढलं, पण कोडला ते कुणी कळवलं नाही. तो अजून आडनाव मागत होता. मिळत नाही म्हणून तिथेच फतकल मारून बसायचा, पुढचं काही तपासायचाच नाही. हे वाचून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. ड्यूटी म्हणजे ड्यूटी.

दुरुस्त केलं. स्वतः फॉर्म भरला, पहिल्या फटक्यात पास. एक किलो चकलीची ऑर्डर आली. प्रेमला पदराला हात पुसत धावत आली, कोण गिऱ्हाईक म्हणून. म्हटलं, मीच, टेस्ट आहे. ती तशीच परत गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार.

आता फॉर्म चालतोय, पण लोकांना भरता येत नाही. पुण्याच्या साक्षरतेबद्दल मला शंका यायला लागली आहे.

मुख्य घोळ किलोचा. मी एकच्या खाली काही चालणार नाही असं लिहिलं होतं, आणि तेही पूर्ण आकड्यात. आज जेवढे फोन आले त्यातल्या प्रत्येकाला पाव किलो हवी आहे. दुकान सोडलं की हात बदलतो, आधी पाव किलो चव बघू, मग सांगू, असं प्रत्येक जण सांगतो, जणू हे त्यालाच सुचलं. शिवाय मोबाइल नंबर मराठी आकड्यांत लिहितात. पत्त्यात 'मारुतीच्या देवळामागे, चक्कीशेजारी, दुसरा जिना' असं लिहितात. स्वल्पविराम मी बंद केलेला आहे.

चुकलं की लाल अक्षरांत 'कृपया योग्य माहिती भरा' असं येतं. सत्यशीलाबाईंनी फोन करून विचारलं, योग्य म्हणजे कुणाच्या मते? कुठला रकाना चुकला ते लिहिलं असतं तर मुलांनासुद्धा सुधारता आलं असतं. सहकारनगरचे एक गृहस्थ म्हणाले, आयुष्यभर या पत्त्यावर लाइटबिल येतंय, एमएसईबीला कधी शंका आली नाही, आपल्याला आली. त्यांना धीर दिला की लवकरच सुधारणा होईल. म्हणाले, गडबड नाही, दिवाळी पुढच्या वर्षीही आहे.

संकल्प: चिडायचं नाही. चूक दुरुस्त होईपर्यंत चहा नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार.

चहा घेतला. चहाशिवाय पावाचा प्रश्न सुटेना.

०.२५ चालू केलं. लोक अक्षरांत 'पाव' लिहितात. ते चालू केलं तर एक जण 'पाव, पण जरा जास्त' असं लिहून अडकला.

शेफालीचा फोन. आईने सांगितलं वाटतं. कोड पाठवा म्हणाली. म्हटलं, सगळं उत्तम आहे, किरकोळ सजावट चालू आहे. म्हणाली, बाबा, मग निदान पानावर आईचा फोन नंबर टाका. समजावलं की ही माघार ठरेल. आईला फोन द्या म्हणाली. दोघी काय बोलल्या ते कळलं नाही, प्रेमला नुसती हं हं करत होती.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

ऐतिहासिक दिवस. सकाळी धाडसी निर्णय घेऊन सगळं व्हॅलिडेशन उडवून टाकलं. गेट सताड उघडं. ज्याला जे लिहायचं ते लिहा, काहीही अडणार नाही.

दुपारपर्यंत ऑर्डरींचा पाऊस. थांबेनातच. प्रेमलाला हाक मारली. तिने चष्मा लावून स्क्रीनवर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली, मग मोजणं सोडून खुर्चीत बसली. म्हणाली, एवढ्यांना माझी चकली पाहिजे? मी म्हटलं, तुझ्याच नावाची. तिचे डोळे भरून आले. लगेच उठून कढई चढवली, भाग्यश्रीला हाक मारली. संध्याकाळपर्यंत घरभर तळणाचा वास. मी अनेक वर्षांत एवढा खूश नव्हतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

पत्ते उतरवून घ्यायला बसलो.

बटण दाबल्यावर स्क्रीनवर काहीच घडत नाही, कारण काही घडवायचं मी ठेवलंच नव्हतं. म्हणून लोक पुन्हा पुन्हा दाबतात, आणि प्रत्येक दाबण्याची एक ऑर्डर होते. सहकारनगरचे गृहस्थ एकटेच पानभर. सत्यशीलाबाई अर्धं पान. उरलेल्यांपैकी बहुतेकांनी नाव, नंबर, पत्ता, काहीच भरलेलं नाही. आधीच्या लाल अक्षरांमुळे धसका घेतला असावा.

भाग्यश्री चकल्या डब्यांत भरत होती. मला विचारलं, काका, ह्या कुणाच्या हायती? यादी दाखवली. वाचून म्हणाली, नाव न्हाई, गाव न्हाई, आन् पाव किलो हाय.

प्रेमला कढईजवळून उठली नाही. हातातला घाणा पूर्ण तळला. मग गॅस बंद केला.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

प्रेमलाने स्वतः एकेकाला फोन केले. मी शेजारी बसून होतो. लोक वाईट काही बोलले नाहीत. तुमची गडबड दिसली म्हणून दुकानातून घेतली, चार दिवसांवर दिवाळी आली, पोरं थांबतात का. सहकारनगरवाले म्हणाले, यंदा आम्ही चकली सोडली. सत्यशीलाबाईंनी तेवढी एक किलो घेतली.

डबे भिंतीला लावून छताच्या पंख्याच्या दिशेने निघालेत. सगळ्यांवर लेबल.

मी काही करू का, असं विचारलं. नको म्हणाली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

दिग्विजयशेठ बिबवेवाडीत, आमच्या घरी. प्रेमला दुकान सोडून गेल्यापासून त्यांच्या चकलीला गिऱ्हाईक नाकं मुरडतंय, हे त्यांनी सांगितलं नाही, पण स्वतः जिना चढून आले. एक चकली मोडली, खाल्ली. छान म्हणाले नाहीत. मला म्हणाले, वेबसाइट पाहिली आपली, मजकूर उत्तम आहे. जाणकार माणूस.

सगळा माल ते घेणार. त्यांच्या पिशवीत, त्यांच्या नावाने. आणि प्रेमलाने उद्यापासून दुकानात यायचं. ती हो म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि बघितलं असतं तर मी काय सांगणार होतो.

ते गेल्यावर तिने पाणी गरम केलं आणि ओल्या फडक्याने डब्यांवरची लेबलं सोडवायला बसली. मी मदतीला बसलो. तिची अख्खी निघत होती, माझी फाटत होती. म्हणाली, तुम्ही राहू द्या. मला फार वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, तिला सांगायला जमलं नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.

प्रेमला सकाळीच दुकानात. घर शांत.

फॉर्म पूर्णपणे दुरुस्त. चूक असेल त्याच रकान्याखाली कारण दिसतं. मराठी आकडे चालतात, स्वल्पविराम चालतो, पाव-अर्धा-पाऊण निवडता येतं. बटण एकदाच दाबलं जातं, आणि मग 'ऑर्डर मिळाली, धन्यवाद' असं येतं. शेफालीने थोडी मदत केली. (कोड तिने लिहिला. 'धन्यवाद' मी सुचवलं.) अर्धा तास लागला तिला. कुठे काय चुकलं ते सांगत होती, पण एकदाही 'बाबा, आधीच का नाही विचारलंत' म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.
सकाळी १०.

ऑर्डर आली. खरी. ऋतुजा नावाच्या बाई, कोथरूड. दीड किलो. नाव, नंबर, पत्ता, पिनकोड, सगळं बिनचूक. त्यांनी बटण एकदाच दाबलं. मी ती ऑर्डर बराच वेळ बघत बसलो.

१०.२०. प्रेमलाला फोन केला. मागे कढईचा आवाज. ऑर्डर आली, पहिली, म्हटलं. म्हणाली, आता घरी कुठली चकली, त्यांना इकडे दुकानात पाठवा, मीच केलेली आहे. पुढे म्हणाली, ठेवते, घाणा लागतोय.

१०.३०. ऋतुजाबाईंना फोन केला. माफी मागितली, दुकानाचा पत्ता सांगितला. चांगल्या बाई आहेत, लिहून घेतला. मैत्रिणीने फार नावाजली म्हणून मुद्दाम मागवत होते, म्हणाल्या. मग विचारलं, तिथे प्रेमलाताईंची चकली म्हणूनच मागायची ना?

नाही, म्हटलं. तिथे नुसती चकली म्हणा.