कमजोरी काय, असं विचारलं तेव्हा

मामा, आज शाळेत शिक्षिकेच्या एका जागेसाठी मुली आल्या होत्या. तपासणीच्या बाई मधे बसल्या होत्या आणि मी त्यांच्या शेजारी, कारण या शाळेत आता माझ्याइतकं जुनं कोणी उरलेलं नाही. वाचन झालं, हिशेब झाले, आणि मग बाईंनी तो सवाल टाकला, 'तुमच्यात कमजोरी काय आहे?' पहिलीच मुलगी खाली मान घालून म्हणाली, 'मला काम अर्धं सोडवत नाही.' मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले आणि बाहेर जाऊन उभी राहिले. घरी आल्यावर चूलही पेटवली नाही, तशीच हे लिहायला बसले. सुनेनं सासऱ्याला कागद लिहायची रीत नाही, आणि ज्याला जाऊन इतकी वर्षं झाली त्याला लिहिण्यात तर काही अर्थच नाही. पण दुसऱ्या कोणाला सांगू? हे ठाऊक असलेलं माणूस तुमच्यानंतर कोणी राहिलं नाही.

तुमचा लेक तापाच्या साथीत गेला तेव्हा मला नीट शहाणपणही आलं नव्हतं. मूलबाळ नाही, माहेरी कोणी नाही. तुम्ही तालुक्याच्या कचेरीत चपराशी होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागले म्हणून काम सोडून चकलांब्याला परत आलात. शेत तुमच्या पुतण्यांच्या हातात होतं. घराचा मागचा अर्धा भाग आपला, पुढचा त्यांचा. पुतण्यांच्या बायका मला हाक मारायच्या त्या भांडी घासायला नाहीतर शेण काढायला. तुम्ही ऐकत बसायचात. एक दिवस चुलीपुढची राख तुम्ही हातानं पसरली आणि बोटानं त्यात 'अ' काढला. म्हणालात, 'हे गिरव.' मी म्हटलं, 'आता काय करायचंय मामा शिकून?' तर म्हणालात, 'माझ्यामागं या घरात तू मोलकरीण व्हशील. मला दिसत न्हाई, पण एवढं दिसतंय.'

मी भाकरी थापते आहे आणि तुम्ही मागं भिंतीला टेकून पाढे म्हणून घेता आहात, असं अजून होतं. तव्यावरची भाकरी करपली की वासावरून तुम्हीच ओरडायचात, 'उलट की गं, साताचा पाढा काय पळून चाललाय?' मराठी झाली, मग उर्दूची अक्षरं झाली. कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा, तिथं उभं राहून राहून ती तुम्हाला येत होती. गावच्या मास्तरांनी चौथीची परीक्षा घेतली आणि दाखला दिला. मग बीडच्या एका मुलींच्या शाळेत जागा निघाल्याचं तुम्हाला बाजारात कोणीतरी सांगितलं. मला न विचारता तुम्ही अर्ज लिहवून घेतलात आणि पाठवून दिलात.

बोलावणं आलं त्या दिवसापासून घराची कचेरी झाली. तुम्ही साहेब, मी उमेदवार. तुमचं म्हणणं होतं की आयुष्यभर साहेबांच्या दाराबाहेर उभं राहिल्यानं आत काय विचारतात आणि कोण काय उत्तर देतं, ते सगळं तुम्हाला पाठ आहे. 'नाव, गाव इचारतेत. वाचून घेतेत. अन् मग कोनी लई हुशार साहेब असला तर म्हनतो, तुझी कमजोरी सांग. तिथं मानूस फसतो. एक जन खरं बोलला. म्हनला, साहेब, मला राग लवकर येतो. गेला घरी. दुसरा म्हनला, साहेब, काम अर्धं सोडून मला उठवतच न्हाई, जेवनाची शुद्ध राहत न्हाई. त्याला ठेवून घेतलं. कळलं का? कमजोरी अशी सांगायची की साहेबाला ती आवडली पाहिजे.' मी हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. ते वाक्य उर्दूत करून तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलंत. अंबाडीची भाजी निवडताना, विहिरीवर निघताना, कधीही मधेच विचारायचात, 'कमजोरी?' आणि मी म्हणायची, 'जी, काम अधूरा छोडना मुझसे नहीं होता.'

त्याच दिवसांत मला कळलं की शिक्षिकेला शाळेच्या आवारातच राहावं लागतं, आणि तिथं पुरुष माणूस ठेवून घेत नाहीत. आवार बायकांचं, पडद्याचं. बीडला जाऊन आलेल्या मास्तरांनी ते सांगितलं. मी संध्याकाळी तुम्हाला विचारलं, 'मग तुमचं काय?' तेव्हा तुम्हाला चूल कुठं आणि दार कुठं एवढंच अंधुक कळायचं. आठवड्यापूर्वीच पेटत्या लाकडावर हात टेकून तळवा भाजून घेतला होता. तुम्ही त्या फडकं बांधलेल्या हातानंच मला गप्प केलंत. म्हणालात, 'तिथं माझं नाव काढलंस तर तुझ्या हातची भाकर खायचो न्हाई. पुतने हायत, कोनी बी घालील कुटका.' तुमचे पुतणे कसा तुकडा घालतील हे तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्या दिवशी तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा ओरडलात. मी घाबरून बरं म्हटलं.

आणि त्या चपला. उमेदवारानं अनवाणी जायचं नाही, असं तुमच्या मनानं घेतलं. मला न सांगता, सारवलेल्या ओल्या जमिनीवर उमटलेलं माझं पाऊल तुम्ही विती-बोटांनी मोजलंत आणि चांभाराला जाऊन माप सांगितलंत. बोटभर मोठ्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी पायात काही घातलं होतं, त्यात ते मोठं. बीडला उतरल्यावर शाळेपर्यंत मी फटक फटक चालत होते आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून मागं. रस्त्यात कोणी बघितलं असेल तर त्याला वाटलं असेल, या म्हाताऱ्यालाच कुठंतरी दाखवायला नेतायत.

तुम्हाला दाराबाहेर ओट्यावर बसवलं. दाराला चिकाचा, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा पडदा, त्यापलीकडे तपासणीच्या बाईसाहेब बसलेल्या. हैदराबादहून आलेल्या, गोऱ्या, थकलेल्या, तोंडात पान. शेजारी शाळेच्या मोठ्या बाई, त्या मराठी. माझं वाचन झालं. फळ्यावर गणित झालं. शिवण दाखवलं. बाईसाहेबांनी दोनदा मान हलवली. मग त्या म्हणाल्या, 'अपनी कोई कमजोरी बताओ.' माझ्या तोंडून ते वाक्य आपोआप आलं. चिकाच्या फटीतून तुम्ही दिसत होता. फेटा नीट बांधलेला, तोंड भलत्याच दिशेला केलेलं, आणि ओठांवर हसू. तुमचा उमेदवार बरोबर बोलला होता. पण बाईसाहेब पान सावरत हसल्या. मोठ्या बाईंनी मला मराठीत सांगितलं, 'अगं, त्या म्हणतायत की सकाळपासून सगळ्या हेच सांगतायत. घोकलेलं नको. खरं काय ते सांग.'

मी काय सांगायला हवं होतं मामा? माझं अक्षर वाईट आहे म्हणाले असते, किंवा मोठ्यानं बोलायला भीती वाटते, तरी भागलं असतं. तेही खरंच होतं. पण 'खरं सांग' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं दुसरं काही येईना. फटीतून दिसत होता तुमचा तो भाजलेला हात, मांडीवर ठेवलेला. मग मी म्हणाले, 'बाई, बाहेर माझे सासरे बसलेत. त्यांना दिसत नाही. त्यांना चुलीपाशी एकटं सोडून इथं राहायची माझ्यात ताकद नाही.' हे मी हळू बोलले होते, तुम्हाला ऐकू गेलं नसतंही. पण मोठ्या बाईंनी ते बाईसाहेबांना उर्दूत सांगितलं, चांगलं खणखणीत. बाहेर तुमचं हसू गेलं ते मी पाहिलं.

बाईसाहेब वाईट नव्हत्या. उलट त्यांनी मला जवळ बोलावलं, पाठीवर हात ठेवला. 'बेटी, ये कमजोरी नहीं है. मगर मैं क्या करूँ, कायदा है.' आणि मग म्हणाल्या की पुढच्या साली आणखी एक जागा निघणार आहे, घरची जबाबदारी संपली तर जरूर ये. संपली तर. त्यांनी मायेनंच म्हटलं. पण तेही तुम्ही ऐकलंत.

परत येताना गाडीत धपाटे बांधून घेतलेले होते, तुम्ही हात लावला नाही. गेवराई मागं पडली तेव्हा बोललात, 'कावून सांगितलंस?' मी म्हटलं, 'विचारलं म्हणून.' मग म्हणालात, 'उभा जलम लोकांच्या दाराम्होरं गेला माझा. आत कुनाकुनाची कमजोरी ऐकली. माझंच नाव निघंल असं वाटलं नव्हतं.' मी रडले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेलात तो गाडीच्या साटीच्या फळीवर पडला.

त्यानंतर आपण नेहमीसारखे राहिलो, असं मला वाटत होतं. ज्वारीची काढणी आली. एक दिवस मी शेतातून दुपारी परत आले तर दारात गाडी उभी आणि ओट्यावर धर्मापुरीचे जावई बसलेले. तुम्ही बाजारकऱ्यांबरोबर लेकीला निरोप धाडला होता, मला पत्ताही नव्हता. तुमचं गाठोडं बांधून तयार होतं. म्हणालात, 'चार दिस लेकीकडं जाऊन येतो.' चार दिवसांसाठी कोणी घोंगडं, तांब्या आणि जुना कोट नेत नाही. मी तुमचा हात धरला. मी म्हटलं, 'मामा, नका जाऊ. मला नको ती नोकरी.' तुम्ही म्हणालात, 'तुला नको असंल. मला पाहिजे.' जावई खाली बघत होते. पुतण्यांच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यासमोर सुनेनं सासऱ्याशी किती बोलायचं? मी हात सोडला. गाडी वळणावर गेली तरी तुम्ही तोंड माझ्याकडं करून बसला होता, पण नजर कुठं लागली होती ते मला कळलं नाही.

पुढच्या साली बोलावणं आलं. मी गावच्या मास्तरांच्या बायकोबरोबर गेले. त्याच बाईसाहेब होत्या. या वेळी त्यांनी कमजोरी विचारलीच नाही. 'घर में कौन है?' म्हणाल्या. मी म्हटलं, 'कोणी नाही.' मला ठेवून घेतलं. मी तुम्हाला निरोप धाडला की जागा मिळाली, पावसाळा सरला की भेटायला येते. तो निरोप पोचायच्या आतच तुम्ही गेला होतात. नद्यांना पूर होता, तिकडून कोणी येऊ शकलं नाही. मला कळलं तेव्हा तेराव्याचंही जेवण होऊन गेलं होतं. मी पहिलीच्या मुलींना 'अ' गिरवायला दिला होता. मोठ्या बाईंनी दारातून खुणेनं बाहेर बोलावलं आणि सांगितलं. मी परत वर्गात गेले, कारण दुसरं कुठं जायचं ते सुचलं नाही.

पुढं कधीतरी वन्सं भेटल्या तेव्हा म्हणाल्या, शेवटी शेवटी तुम्ही जेवायचा नाहीत. कोणाचा त्रास नव्हता, सगळे नीट करत होते. पण भाकरी हातात घेऊन म्हणायचात, 'वास न्हाई येत.' त्यांना वाटायचं, म्हाताऱ्याची चव गेली.

लोक मला म्हणतात, तुझे सासरे देवमाणूस. आंधळ्या माणसानं सुनेला शिकवलं, तिच्या नोकरीसाठी घर सोडलं. मी हो म्हणते. इथल्या मुलींनाही सांगते. तुमच्या तिथीला पान वाढून ठेवते आणि हात जोडते. हे सगळं खरं आहे. माझं आयुष्य मोलकरणीचं झालं नाही, ते तुमच्यामुळं. पण आज ती मुलगी ते वाक्य बोलली आणि बाहेर उभं राहिल्यावर मला जे वाटलं, ते उपकाराचं नव्हतं. मला तुमचा राग आला मामा. नवीन नाही, रोजचाच आहे तो, आज फक्त ओळखू आला. पुतण्यांच्या घरात भांडी घासून का होईना, मी तुमच्यापाशी राहिले असते. ते वाईट झालं असतं की बरं, मला माहीत नाही, पण ठरवायचं माझं होतं. परक्या बाईसाहेबांनी मला निदान विचारलं तरी होतं. तुम्ही विचारलं नाहीत.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, उद्या चुलीत घालीन. फक्त एवढं एकदा लिहायचं होतं, की इतकी वर्षं तुमच्या पानापुढं हात जोडताना मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत आलेय.