बाप्यानं लिहिलेली बाई

सर, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली. मला कागदावर लिहायची सवय कधीच नव्हती. अक्षरं तुम्हीच शिकवली, किनवटच्या वसतिगृहात मी स्वयंपाकाला होते तेव्हा, स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर कोळशानं. म्हणून चुकली तर तुम्हीच सोसा. दुसऱ्या कुणाला हे सांगता येत नाही.

नात इथं नांदेडला कॉलेजात मराठी शिकते. तिला सोमवारी सगळ्यांसमोर निबंध वाचायचाय. विषय काय, तर कादंबऱ्या लिहिणारे बाप्ये आणि लिहिणाऱ्या बाया वेगळं लिहितात का. आठ दिवस घरात तेच चालू आहे. मी म्हणलं, "अगं, बाप्या अन् बाई येगळे चालतेत, येगळे बसतेत, मग लिवतील एकसारखं व्हय?" ती म्हणे, "आजी, असं सरसकट नसतं म्हणायचं. पुरावा लागतो." आणि पुरावा म्हणून तिनं माझ्या ट्रंकेतून तुमची कादंबरी काढली. तुम्ही सही करून दिलेली, वाळवीनं कडा खाल्लेली.

त्या कादंबरीचं मला काय नवल? ती माझ्या चुलीसमोर झाली. दुपारची वेळ. पोरं वर्गात, वरण शिजतंय, तुम्ही पाटावर बसून वहीत लिहिलेलं मला वाचून दाखवताय. तुमच्या गोष्टीतली बाई तव्यावर भाकरी टाकते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. डोंगर बघते, गावाला गेलेल्या नवऱ्याची आठवण काढते. दीड पान झालं तरी हलत नाही. मी म्हणते, "सर, भाकरीचा कोळसा झाला." तुम्ही दचकून चुलीकडं बघता. "ही न्हाई, तुमच्या वहीतली." तेव्हा तुम्ही चिडता. "बाई, ही कल्पना आहे. तुम्ही वरणाकडं लक्ष द्या." मी म्हणते, "वरणाकडं लक्ष हाय म्हणूनच सांगून राहिले. आठवण थापता थापता बी येती. तिला खिडकी लागत न्हाई." तीन दिवस तुम्ही वाचून दाखवलं नाही. चौथ्या दिवशी वही घेऊन आलात, तेव्हा खिडकी खोडलेली होती. मास्तर माणूस बाईचं ऐकून खोडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आता नात मला बायांनी लिहिलेली पुस्तकं पण वाचून दाखवते. त्यांच्यात भाकरी करपत नाही, हे खरं. पण बाप्या संध्याकाळी येतो, पाय धुतो, जेवतो, आमटीला नाव ठेवतो आणि झोपतो. दिवसभर कुठं होता, कुणाच्या शिव्या खाल्ल्या, काही पत्ता नाही. मी इचारलं, "ह्यो दिवसभर करतो काय गं?" ती म्हणाली, "आजी, कादंबरी तिची आहे, त्याची नाही." म्हणलं, "मग झालं की. बाप्याच्या पुस्तकात बाई खिडकीत, बाईच्या पुस्तकात बाप्या दारात." तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि खूश झाली. मला मात्र कंटाळा आला होता. ऐकून ऐकून डोकं जड होतं आता.

काल तिनं तुमचं ते पान वाचलं. त्यातल्या बाईचं लेकरू नवव्या दिवशी जातं, पण दूध यायचं थांबत नाही. बाई छातीला लुगड्याची पट्टी आवळून बांधते. दूध पायाखाली येऊ नये म्हणून शेवग्याच्या बुडाशी पिळते, आणि तिथं मुंग्या येतात. भावजय डिंकाचे लाडू उचलून डब्यात भरून ठेवते, कारण आता पाजायला कोण आहे? बाईला रडू येत नाही, भूक लागते. लाडवाची भूक. तिला स्वतःचीच लाज वाटते.

वाचून झाल्यावर नातीनं पानावर बोट ठेवलं. म्हणाली, "बघ आजी, पुरुष असून हे लिहिलंय. हाच माझा पुरावा. फरक नसतो."

मी लसूण सोलत होते, सोलतच राहिले. ते लाडू माझे होते सर. रेणापूरजवळ माझ्या माहेरी, माझ्याच आईनं वळलेले. तुम्ही मला काही इचारलं नव्हतं. एका दुपारी तांदूळ निवडताना माझ्याच तोंडून ते निघालं, आणि तुम्ही मान खाली घालून माझ्या सुपातले खडे काढू लागलात. मालकांनी मला सांगितलं होतं, हा विषय परत काढायचा नाही. तीन वर्षांनी पोरगा झाला. तो अजून स्वतःला थोरला समजतो. आई गेली, भावजय गेली, मालक गेले. आता माहीत असणारं कुणी उरलं नाही. ते पान माझं म्हणायचं, तर ती गेलेली पोरगी पण माझी म्हणावी लागंल. मग सून रडणार, पोरगा गप बसणार, आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघणार. ह्या वयात ते नको वाटतं.

नातीनं इचारलं, "आजी, पण त्यांना हे कळलं कसं असेल गं?"

"ऐकलं असंल कुणाचं तरी."

तिनं वहीत लिहिलं, लेखकाचं निरीक्षण सूक्ष्म आहे. मी लिहू दिलं. सोमवारी ती ते कॉलेजात वाचंल, लोक टाळ्या वाजवतील. वाजवू द्या.

फक्त एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती आणि तुम्ही मनानं लिहिली. तुमच्या पुस्तकात त्या लेकराला नाव आहे. आमच्यात बाराव्या दिवशी बारसं. त्याच्या आधी गेलेल्या लेकराला नाव नसतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक. पुस्तक छापून आलं तेव्हा मी तुमच्यावर लई तोंड टाकलं. "नाव कुणाच्या मनानं ठिवलं? तुम्ही काय तिची आत्या लागता?" तुम्ही एवढंसं तोंड करून म्हणालात, "चुकलं बाई. पुढच्या आवृत्तीत काढतो." पुढची आवृत्ती निघालीच नाही.

हा कागद नातीच्या हाती लागायच्या आत फाडून टाकणार आहे. मला तुमच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं. ते नाव मला आवडलं होतं. तेव्हापासून मी तिला मनात त्याच नावानं हाक मारते.