बाबांच्या खुर्चीखालचं झाकण

प्रिय ताईसाहेब,

रागावू नकोस, पोरी. तू हुकूम सोडायला लागलीस की बाबा तुला याच नावानं हाक मारायचे. ते गेल्यापासून तू आणि तुझ्या मामानं एकच धोशा लावलाय, एकटीला हे घर झेपणार नाही, विकून टाक. परवा मोरी तुंबली, संडासातलं पाणी वर चढायला लागलं आणि मामाला आयतंच कोलीत मिळालं. म्हणाला, "संडासाची टाकी भरली! आता अंगण खणत बस. सांगत नव्हतो?"

पण टाकी तर बाबांनी जाण्याच्या थोडंच आधी उपसून घेतली होती. मी खिडक्या लावून बसले होते आणि बाबा त्या मैल्याच्या गाडीची पाहुणे आल्यासारखी सरबराई करत होते. मग अडलं कुठे? विचार करताना अंगणातल्या त्यांच्या खुर्चीकडे लक्ष गेलं. ते गेल्यापासून ती कुणी हलवली नव्हती. मीसुद्धा तिच्या भोवतीनंच झाडत होते. भर उन्हात, वाटेच्या मधोमध ती कशाला, यावरून आमची किती वादावादी व्हायची! आणि मग आठवलं, अधूनमधून ते ती बाजूला करून खालचं छोटं झाकण काढायचे आणि नळी लावून जाळी धूत बसायचे. टाकीतून बाहेर जाणारं पाणी त्या जाळीतून गाळलं जातं. मी घरातूनच ओरडायचे, आधी आंघोळ, मग चहा. झाकणावर कुणी गाडी घालू नये म्हणून ते स्वतःच तिथे पहारा देत बसायचे, हे मला परवा कळलं.

खुर्ची उचलायला मला वेळ लागला. एवढंच सांगते.

झाकण मात्र पहारीनं चटकन निघालं. हातमोजे घातले. आतला वायू विषारी, म्हणून त्यांच्यासारखंच लांब उभं राहून आकड्यानं जाळी वर ओढली. मामा नाक दाबून दारातून ओरडत होता, "अगं, हे काय वय आहे का तुझं?" म्हटलं, "वय राहू दे, नळी दे इकडे." जाळी ओल्या टिश्यूंनी, त्या पाण्यात न विरघळणाऱ्या वाइप्सनी, गच्च भरली होती. ते बादलीत काढले, जाळी टाकीवरच धुऊन परत बसवली. मोरीतलं पाणी गुडगुड करत असं उतरलं की मामा चक्क टाळ्या वाजवायला लागला. "भावोजी असते तर..." म्हणाला आणि थांबला. मग त्यानं विचारलं, चहा टाकू का? म्हटलं, आधी आंघोळ.

नंतर खुर्ची होती तिथेच ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्यात बसले. ऊन लागतं, पण जागा चांगली आहे.

हे सगळं लिहिलं, कारण रविवारी तू घर बघायला गिऱ्हाईक आणणार आहेस. त्यांना नको म्हणून कळव. घर विकायचं नाही. तू मात्र ये, मुलांना घेऊन ये. न्हाणीघरात झाकणाची बादली ठेवलीय, ओले टिश्यू तिच्यात टाकायचे. बाबा गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा ते टिश्यू संडासात कुणी टाकले हे मी विचारणार नाही. तुझ्या पिशवीतलं त्या टिश्यूंचं पाकीट मी पाहिलंय. आणि गाडी फाटकाबाहेर लाव. खुर्चीत आता मी असते.

तुझीच,
घरातच राहणारी आई