लाइट-पाणी धरून

प्रिय ममता,

खोली भेटली. यवतमाळात, लाइट-पाणी धरून साडेतीन हजारात. हे आधीच सांगून टाकते, कारण तू चिठ्ठी पुरी वाचशील का मधातच रडत बसशील, तुझा भरोसा नाही. रडू नको. वाच.

तू म्हणशील, मानीबाई लाइट-पाण्याचं काय एवढं घेऊन बसली. अवं, तुले मार कायच्यापायी पडते? बिल जास्त आलं का पंखा कोणी लावला म्हणून तुह्या त्या नवऱ्याच्या, बादलच्या पट्ट्याचं बक्कल तुह्या पाठीत. नळ आला अन् ड्रम अर्धाच भरला, तर ड्रमचं झाकण तोंडावर. पोळ्याले आली तेव्हा तू डोक्यावरचा पदर सोडतच नव्हती. मी ओढला तर कान फाटलेला, वर हळद भरलेली. मले वाटलं, आत्ताच दिग्रसले जाऊन त्याचा गळा दाबावा. मग ठरवलं, हिच्यासाठी अशी खोली पाहीन का जिथं मीटर पाहणाराच कोणी नाही. मीही मेसच्या पोळ्या लाटून तिथंच पोत्यांवर झोपते, दोघी राहू.

लय फिरली. दारव्हा रोडवर एक जण लाइट धरून देत होता, पण मेन स्विच त्याच्या घरात. कोणी कॉइलची शेगडी लावली का साऱ्यांचा लाइट बंद. मी पाहाले गेली तेव्हा तो शेगडीपायीच एका भाडेकरणीले केसाले धरून फरफटत होता. मी त्याच्या मनगटाले चावली, रक्त येईपर्यंत. मग कायची खोली भेटते. दुसऱ्यानं विचारलं, नवरा काय करते तुमच्या बहिणीचा. म्हटलं, मेला. असं म्हणून मले इतकं बरं वाटलं का हसूच आलं, अन् त्यानं दार लावून घेतलं.

ही खोली लालीबाईच्या चाळीत आहे. एक आंगण, एक नळ. नळ आठवड्यातून एकदा येते, अन् त्या दिवशी कोणीच बाई कामाले जात नाही. पाणी आहे तोवर ड्रम, हंडे भरायचे, गोधड्या लाकडी मोगरीनं बडवून धुवून घ्यायच्या. लालीबाई तोंडाची फाटकी आहे, पण पंख्यावर बोलत नाही.

आज सकाळी मी ॲडव्हान्स द्याले गेली. आपल्या तांड्यावरच्या कोणीतरी बादलले सांगतलं असंल. तो काठी घेऊन माह्या मागंच आला. पहिल्याच काठीत डावं मनगट मोडलं. हाडाचा आवाज मी ऐकला. दुसरी डोक्यात बसली. त्याची चूक एकच झाली, नळाच्या दिवशी आला. आंगणात साऱ्या बाया, साऱ्यांच्या हातात ओल्या मोगऱ्या. कौसल्या म्हणून एक शेजारीण आहे, तिनं पहिली त्याच्या गुडघ्यावर हाणली. तो पडल्यावर मीही मारलं, ममता. चांगल्या हातानं, हंड्यानं, तुह्या कानासाठी. थांबावंसं वाटतच नव्हतं. लालीबाईनं मले मागं ओढलं नसतं तर हे मी जेलातून लिहिलं असतं.

आता तो सरकारी दवाखान्यात आहे, पाय मोडलेला, खाटेपाशी पोलीस. मी दुसऱ्या वॉर्डात हाताले प्लास्टर घालून हे लिहून राह्यली. मारताना त्याच्या खिशातून किल्ली पडली. ती पाहून मले कळलं. तुले घरात कोंडून, बाहेरून कुलूप लावून आला होता तो. फोन तर त्यानं मागंच फोडला तुहा. म्हणून कौसल्येले किल्ली देऊन दुपारच्या बसनं पाठवते. चिठ्ठी हातात आहे म्हणजे कुलूप उघडलं. पण तू घाबरट, अनोळखी बाईच्या सांगण्यावर उंबरा ओलांडणार नाहीस, म्हणून माह्या अक्षरात सांगते : निघ. याडीची, आपल्या मायची पेटी घे, बाकी त्याचं त्याले राहू दे. अन् निघताना पंखा बंद करू नको.

तुझीच,
मानी