बरणी संपेपर्यंत

९ जानेवारी, सकाळी ७.४०

आजपासून मध कमी. हा निर्णय निव्वळ आरोग्याचा आहे हे पहिल्याच ओळीत नोंदवून ठेवतो. एकसष्टी गाठली की माणसाने गोड कमी करावंच, डॉक्टर सांगो वा न सांगो. (माझ्या डॉक्टरने सांगितलेलं नाही. रिपोर्ट नॉर्मल आहेत. पण डॉक्टर फारच तरुण आहे.)

बरणीचं वजन केलं. काच वजा जाता मध ६२० ग्रॅम. वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली, तेव्हा आमच्या ओट्यावरचा काटा चुकणं शक्य नाही.

ही वीस डिसेंबरला बहिणीकडे गेली. मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. सोबत दोन मोठ्या बॅगा. दारात बूट घालता घालता म्हणाली, मध भरपूर आहे, तो संपेपर्यंत येते मी. या वाक्याचा आणि वरच्या निर्णयाचा काहीही संबंध नाही.

१० जानेवारी

चहात साखर. आमच्याकडे सगळ्यातच मध पडतो, ही हिची पद्धत. चहात, ओट्समध्ये, सॅलडवर, भाजलेल्या गाजरांवर. तोही बरणी सरळ वाकडी करून. एकतीस वर्षं मी सांगत आलो, अगं, मध कमी घाल, निदान चमचा तरी वापर. आता येऊन बघ म्हणावं.

आजचा वापर ४ ग्रॅम, ब्रेडला. अजिबातच वापरायचा नाही असंही करता आलं असतं. पण ती लबाडी झाली. मी लबाडी करत नाही.

१३ जानेवारी

शेजारी एक रिटायर्ड केमिस्ट राहतात. त्यांना डायबिटीस आहे, त्यामुळे या विषयावर ते बोलू लागले की थांबत नाहीत. त्यांनी गोड गोळ्यांची डबी दिली. एका कपाला एक गोळी. ओट्सच्या वाडग्याला किती ते डबीवर लिहिलेलं नाही. तीन टाकल्या.

चव: चमचाच विरघळल्यासारखी. संपूर्ण खाल्लं. मनावर घेतलं की मला काहीही जमतं.

१७ जानेवारी

साखर बंद, कारण तीही साखरच. गोळ्या बंद, कारणं वर दिली आहेत. आता नैसर्गिक मार्ग: खजूर आणि पिकलेलं केळं. मिक्सरमधून काढून सॅलडवर घातलं. काकडी आणि केळं यांची एकमेकांशी ओळख नाही आणि ती करून देण्यातही अर्थ नाही.

मग गूळ आणला. गुळावरून आठवलं. एकदा ही वैतागून म्हणाली होती, गाढवाला गुळाची चव काय. मी विचारलं होतं, किती होता गूळ. त्यावर ती बराच वेळ हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसली. भांडी आधीच घासलेली होती. मजेदार बाई.

२२ जानेवारी, दुपारी ४.१५

थंडीने मध गोठला! पांढरा, रवाळ, दगड. काटा ५६८ दाखवतो, म्हणजे वजन गेलेलं नाही, पण असा मध संपलेला धरायचा की न संपलेला? नियमात बसत नाही. तातडीने हिला फोन लावला. निव्वळ तांत्रिक कारणासाठी.

ही म्हणाली, कोमट पाण्यात बरणी ठेवा, उकळू नका. मग म्हणाली, पण अजून आहे मध? मी अभिमानाने म्हटलं, पाचशे अडुसष्ट ग्रॅम! ही गप्प. कौतुकाने माणूस असा गप्प होतो. मी गुडघ्याची चौकशी केली. म्हणाली, तो कधीच बरा झाला.

म्हणजे आता फक्त व्यायाम वगैरे उरले असणार. त्याला वेळ लागतो.

एकूण संभाषण एक मिनिट बारा सेकंद. बऱ्याच दिवसांनी इतकं सविस्तर बोलणं झालं.

२ फेब्रुवारी

कन्या आली. तिचा घसा बसलेला, खोकून खोकून बेजार. शेल्फवर मध शोधू लागली. बरणी सध्या कपड्यांच्या कपाटात असते, मोज्यांच्या मागे. (तापमान स्थिर राहतं.) मी कन्येला गरम पाण्यात दोन गोड गोळ्या विरघळवून दिल्या. ती म्हणाली, बाबा, घशाला मध लागतो, नुसता गोडवा नाही. मी म्हटलं, परिणाम सारखाच.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि थेट कपाट उघडलं. आईसारखीच आहे, न शोधता सापडतं. दोन मोठे चमचे घेतले. ३८ ग्रॅम! मी तिथल्या तिथे वजन करून दाखवलं. त्यावर पोटची पोर डोळ्यांत पाणी आणून म्हणते, बाबा, आई मधासाठी थांबलेली नाहीये. ती येणार नाहीये. तुम्हाला खरंच कळत नाही का.

तिला ताप असावा. जाताना पॅरासिटामॉल दिली.

उरला ४८६.

३ फेब्रुवारी

कन्येशी जरा कडक वागलो. फोन करीन. खोकला बरा झाल्यावर.

१९ फेब्रुवारी

सत्तावीस तारखेला हिचा वाढदिवस. नवी योजना: हिचाच केक मी करणार, मधाशिवाय, आणि स्वतः नेऊन देणार. एका दगडात दोन पक्षी. केक खाऊन तिला पटेल की घर व्यवस्थित चाललंय, आणि घर व्यवस्थित चाललेलं पाहून माणसाला घरी यावंसं वाटतं.

हिची रेसिपीची वही काढली. केकचं पान. मैदा वाटीभर, लोणी अंदाजे, मध पुरेसा. पुरेसा! आणि शेजारी लाल शाईत: म्हणजे किती?? अक्षर माझं.

वही चाळली. प्रत्येक पानावर माझी लाल शाई. किती? कशाने मोजलं? चिमूट कोणाची? त्या काळीसुद्धा माझं काम चोख होतं. चाळिसाव्या पानानंतर वही कोरी आहे. पुढचं सगळं तिला पाठ झालं असणार.

२७ फेब्रुवारी, सकाळी ११

केक तयार. खजूर १८० ग्रॅम, गूळ ९०, केळी दोन. एका बाजूला फुगला, दुसऱ्या बाजूला बसला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमचा ओव्हन खरोखरच वाकडा आहे, लेव्हल लावून पाहिलं. वजन १ किलो १४० ग्रॅम. एवढा भरघोस केक हिचाही कधी झाला नव्हता. इस्त्रीचा शर्ट. निघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.३०

बस बदलून दीड तास. मांडीवर केकचा डबा. मेहुणीचं दार नुसतं लोटलेलं. ती स्टुलावर चढून दिवा बदलत होती. टणकन खाली उतरली. गुडघा उत्तम. म्हणाली, ती कामावर गेलीये. मी विचारलं, कसलं काम. तेव्हा मेहुणीचा चेहरा जरा पडला. म्हणाली, तुम्हाला सांगितलं नाही का तिने, कोपऱ्यावरच्या बेकरीत, दोन महिने झाले.

कोपऱ्यावर गेलो. मोठी काच आहे, आतलं सगळं दिसतं. ही आत होती. कोपरापर्यंत पीठ, डोक्याला पांढरी टोपी. मधाचा पाच किलोचा डबा दोन्ही हातांनी उचलून पातेल्यात सरळ ओतत होती. चमचा नाही, काटा नाही. धार लांबलचक, थांबेचना. शेजारची मुलगी काहीतरी बोलली आणि ही मान मागे टाकून हसली. मग पातेल्यात बोट बुडवून चाखलं, त्या मुलीलाही चाखवलं. मुलीने डोळे मिटून मान डोलावली. एवढंच. कोणी काही विचारलं नाही.

कामाच्या वेळेत कर्मचाऱ्यांना भेटणं योग्य नाही. मी स्वतः सरकारी नोकरी केली आहे. परत फिरलो.

२८ फेब्रुवारी

केक केमिस्टना दिला. त्यांच्या दाढेचा तुकडा पडला. ती दाढ आधीपासूनच हलत होती.

केकचा डबा माझ्या हातात होता, तेव्हा काचेवर टकटक करायची तरी कशी? हा मुद्दा काल लिहायचा राहिला.

१५ मार्च

सगळं सविस्तर मांडून पाहिलं आणि एकदम हलकं वाटलं. ही शब्दाची पक्की आहे. मध संपेपर्यंत येते, असं म्हणाली. मध संपलेला नाही. म्हणजे तिला उशीर झालेला नाही. इतकं साधं आहे. कन्येला हे लिहून पाठवायला हवं.

थेंबे थेंबे तळे साचे, त्याप्रमाणे थेंबे थेंबे तळे टिकेही. आजपासून रोज १ ग्रॅम. दात कोरायची काडी मधात बुडवायची आणि ब्रेडवर ओढायची. उरला ३२२. या वेगाने ३१ जानेवारीपर्यंत पुरतो. दहा महिने! दहा महिन्यांत माणूस बेकरीला कंटाळतो.

२ एप्रिल

केमिस्ट चहाला आले. मी काडीने ब्रेडला मध लावत होतो, ते बघत राहिले. म्हणाले, तुम्हाला नक्की डायबिटीस नाही ना? नाही म्हटलं. मग म्हणाले, मग खा की हो. मला मिळालं असतं ना, तर मी बरणीत तोंड घातलं असतं. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या भिंतीवर तिचा फोटो आहे.

माझ्या भिंतीवर फोटो नाही. माझी गेलेली नाही, बहिणीकडे गेलेली आहे. दोन्हींत फार फरक आहे, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ते हो हो म्हणाले.

ते गेल्यावर स्वयंपाकघरात उगाच उभा राहिलो. हिचा ॲप्रन अजून खिळ्यावर आहे. त्याला हात लावला. रोज लावतो, हे आजवर लिहिलं नव्हतं.

११ एप्रिल, दुपारी १२

कन्या आली. रिकामी बॅग घेऊन. तिच्या बोलण्यात आज भांडण नव्हतं, त्याचीच मला जास्त भीती वाटली. हिचे स्वेटर भरले, जुना चष्मा, चांगली कात्री, खिळ्यावरचा ॲप्रन. मग रेसिपीची वही मागितली. मी म्हटलं, वही इथे राहू दे, तिला सगळं पाठ आहे. कन्या म्हणाली, बाबा, आई पुन्हा लिहायला लागलीये. चाळिसाव्या पानाच्या पुढे लिहायचंय तिला.

दिली.

मग कन्येने पिशवीतून एक डबा काढून ओट्यावर ठेवला. मध. दोन किलो, सीलबंद. आईने पाठवलाय म्हणाली. मी बरणीचं सांगितल्यापासून तिला तुमची काळजी वाटतेय, असंही म्हणाली. झाकणाला चिठ्ठी होती.

मोजून खाऊ नका. हवा तेवढा घ्या. संपला की कळवा, आणखी पाठवीन.

चार वेळा वाचली. येईन असं कुठे राहून गेलंय का ते पाहिलं. चिठ्ठीच्या मागेही पाहिलं. हिचं अक्षर स्वच्छ आहे, गैरसमजाला जागा नाही. पाठवीन.

कन्या माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला खोकला कसा आहे विचारलं. तो फेब्रुवारीतच गेला म्हणाली.

१२ एप्रिल

बरणीत २९५. नवा डबा उघडलेला नाही. उघडणारही नाही. शब्द जुन्या बरणीचा होता. संपवून टाकू, एकदा काय ते होऊन जाऊ दे.

काडी फेकली. चहात मध. ओट्समध्ये मध. गाजरं भाजली, त्यांवर बरणी वाकडी केली.

१९ एप्रिल, सायंकाळी ६.२०

बरणी संपली. सकाळी नऊला. शेवटचा मध ब्रेडवर जाड लावला, ही लावायची तसा, कडांवरून ओघळेपर्यंत. बरणीत बोट फिरवून तेही चाटलं.

मग दार उघडं ठेवलं आणि समोर खुर्ची टाकून बसलो. दुपारी केमिस्ट डोकावले, दार उघडं का म्हणाले. म्हटलं, हवा यावी म्हणून. सहापर्यंत जिन्यावर जेवढी पावलं वाजली, ती सगळी वरच्या मजल्यावर गेली. आत्ता दार लावलं.

मध छान होता. भरपूर घातला की सगळंच छान लागतं, गाजरंसुद्धा. एकतीस वर्षं ही ताट पुढे ठेवून समोर उभी राहायची आणि विचारायची, कसं झालंय. मी वजन सांगायचो.

बरणी धुऊन पालथी घातली आहे.