घुबडाच्या घरट्याची वाट

काशीगाव,
१४ मार्च २००६

चि. निशिगंधास, मामाचे आशीर्वाद.

फोनवर तोंडातून भलतंच निघेल म्हणून लिहितोय. डोंगरातली ती दरी मी तुला भाची म्हणून दाखवली, वार्ताहर म्हणून नाही. तू पेपरात घुबडाच्या घरट्याची वाटसुद्धा छापलीस! पळस कुठे फुललेत, तिथून कुठल्या हाताला वळायचं, सगळं. रविवारी नऊ गाड्या आल्या. मादी उडताना फोटो मिळावा म्हणून एकाने कड्यावर दगड मारले. मी ओरडलो, तर तुझंच कात्रण नाकासमोर धरून म्हणाला, काका, पेपर में छपा है, जंगल आपका है क्या? मादी उडाली ती तासभर फिरकली नाही. दोनातलं एक पिल्लू कावळ्यांनी माझ्या डोळ्यांदेखत ओढून नेलं.

वीस वर्षं त्या दरीत पाखरं बघत बसतोय. तुझ्या मामीलाही कधी वाट सांगितली नाही.

आशीर्वाद आहेत, ते रागाने कमी होत नाहीत. पण तूर्त इकडे येऊ नकोस.

धर्माजीमामा

रत्नागिरी,
१९ मार्च २००६

ती. मामांस, शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. वाट छापली ही माझी चूक. पुरवणीत अर्धं पान मिळालं म्हणून हुरळले. पण मलाही राग आलाय. दुसरं पिल्लू आहे ना अजून? मग वनखात्याच्या चौकीवर गेलात का? की घरात बसून मलाच शिव्या घालताय? वीस वर्षं कोणाला सांगितलं नाहीत, म्हणून आज त्याच्यासाठी उभं राहायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

रागवा हवं तेवढं, पण पत्र टाकणं सोडू नका.

आपली,
निशिगंधा

काशीगाव,
१६ एप्रिल २००६

चि. निशिगंधास, आशीर्वाद.

तुझं पत्र झोंबलं. मग शेजारच्या लवूला घेऊन चौकीवर गेलो. गार्ड हसला, घुबडासाठी कोण कंप्लेंट करतं म्हणाला. मी पेटलो. तो घरटं बघायला निघेपर्यंत तिथून हललो नाही. आता रविवारी तो आणि मी दरीच्या तोंडाशी बसतो. गाडीवाल्यांना मी खुशाल खोटं सांगतो, पाखरं कधीच उडून गेली. चार शिव्या खातो, आठ घालतो.

परवा संध्याकाळी पिल्लू खरंच उडालं. कपारीच्या काठावर बराच वेळ डोलत उभं होतं, मग धपकन समोरच्या झाडावर. आई मागोमाग. बघायला मी एकटाच. घरी येऊन मामीला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि भाजी निवडत बसली.

राग गेलेला नाही. यातलं अक्षर जरी छापलंस तर बघ. पण सांगितल्याशिवाय राहवेना, आणि तुझ्याशिवाय ते कळणार कोणाला?

मामा